मनाली ते लेह : नकाशावरची पट्टी आणि खरा रस्ता

तू नकाशावर पट्टी धरून मनाली-लेह अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आतच काढलंस, हिशेब बरोबर आहे. पण ते हवाई अंतर. रस्त्याने सव्वाचारशेच्या पुढे जातं, म्हणजे जवळपास दुप्पट. कारण रस्ता डोंगर कापत नाही, त्याला वळसे घालत चढतो. गाटा लूप्सचीच 21 वळणं घे. कितीतरी किलोमीटर गाडी चालवूनही खालची वाट तिथेच दिसते. 2020 मध्ये अटल बोगदा झाला आणि 46 किलोमीटर वाचले. बारालाचा, लाचुलुंग आणि तांगलांग या खिंडी मात्र चढाव्याच लागतात. तांगलांग तर 5,300 मीटरवर आहे.

म्हणून इथे किलोमीटर मोजू नकोस, तास मोज. एका दिवसात पोचण्याचा हट्ट तर अजिबात नको, बाबा. उंचीवरच्या विरळ हवेने डोकं गच्च दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर वर चढायचं नाही, खाली उतरायचं. पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पाला कर. पेट्रोलची टाकी त्याआधी तांडीलाच काठोकाठ भरून घे. सकाळी लवकर निघ, कारण दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी रस्त्यावर वाढतं.

विमानाचं म्हणशील, तर मनालीला विमानतळच नाही. जवळचा भुंतर, तोही 50 किलोमीटर उलट्या दिशेला. दिल्लीहून थेट लेहला उतरलास, तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घे.