स्कॅनर बंद करावा की उघडा ठेवावा?

प्रश्न : मी परळच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. लोकलच्या मासिक पासाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला. त्यातली एक मेथड (म्हणजे एक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) स्थानके विचारते आणि दुसरी डब्याचा वर्ग; दोन्हींत टाइप केलेला मजकूर वाचणारा जावाचा स्वतंत्र ‘स्कॅनर’ आहे. मी ज्यात प्रोग्रॅम लिहिते ते एक्लिप्स ‘रिसोर्स लीक’, म्हणजे उघडलेले काही बंद केलेले नाही, असा पिवळा इशारा देत होते, म्हणून दोन्हीकडे स्कॅनर बंद करणारी ‘क्लोज’ ही आज्ञा लिहिली. इशारा गेला, पण आता दुसऱ्या मेथडमध्ये प्रोग्रॅम ‘नो सच एलिमेंट एक्सेप्शन’ (वाचायला पुढे काही नाही) अशी चूक दाखवून बंद पडतो. आमचे सर म्हणतात, इशाऱ्याकडे लक्षच देऊ नका. मग ‘उघडलेले बंद करा’ हा नियम खोटा समजायचा का?

उत्तर : नियम खरा आहे, पण तो ‘आपण उघडलेले आपणच बंद करावे’ असा आहे, आणि तुम्ही बंद केलेली वस्तू तुम्ही उघडलेली नव्हती. कीबोर्डवरून येणारा मजकूर ज्या ‘सिस्टिम डॉट इन’मधून मिळतो, तो प्रवाह प्रोग्रॅम सुरू होतानाच जावाने उघडून दिलेला असतो, स्कॅनर हे त्यावर बसवलेले केवळ एक वाचनयंत्र आहे. मात्र स्कॅनरला क्लोज सांगितले की तो स्वतःबरोबर खालचा प्रवाहही बंद करतो. चाळीत आपली बादली भरली की आपण तोटी बंद करतो, गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवून येत नाही. तुमच्या पहिल्या मेथडने नेमका तो कॉक फिरवला. एकदा बंद झालेला हा प्रवाह नवा स्कॅनर तयार करून पुन्हा उघडत नाही. गोंधळात भर म्हणजे, प्रवाह बंद असल्याची मूळ तक्रार स्कॅनर स्वतःजवळच ठेवतो आणि तुम्हाला फक्त ‘पुढे काही नाही’ एवढेच कळवतो. त्याच्या ‘आयओ एक्सेप्शन’ या मेथडला विचारले, तर खरे कारण हाती लागते.

नुसते क्लोज काढून टाकून दोन स्कॅनर तसेच ठेवणे हाही उपाय नव्हे. स्कॅनर मागितले तेवढेच वाचत नाही, तर पुढचा मजकूरही ओढून आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. कीबोर्डवर एकेक ओळ टाइप करताना हे सहसा जाणवत नाही. परंतु तोच प्रोग्रॅम परीक्षकाने फाइलमधून उत्तरे पुरवून चालवला, की डब्याचा वर्ग पहिल्याच स्कॅनरच्या पोटात राहतो आणि दुसऱ्याच्या हाती काही येत नाही. तेव्हा प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या ‘मेन’ मेथडमध्ये एकच स्कॅनर तयार करा आणि तो दोन्ही मेथडना पॅरामीटर म्हणून, म्हणजे बोलावतानाच हाती, द्या. त्यानंतरही पिवळा इशारा राहिला, तर तेवढ्या जागेपुरता ‘सप्रेस वॉर्निंग्ज’ लिहून तो मिटवायला हरकत नाही.

तुमच्या सरांचा सल्ला या एका प्रोग्रॅमपुरता चालून जाईल, पण तो सवय म्हणून अंगी लागला तर महागात पडेल, कारण फाइल तुम्ही स्वतः उघडता. नको झालेल्या वस्तू आपोआप झाडून टाकणारा जावाचा गार्बेज कलेक्टर आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. त्याचे लक्ष मेमरीवर असते, आणि सोडून दिलेली फाइल तो केव्हा मोकळी करील याचा भरवसा नसतो. एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, किती फाइली उघड्या ठेवता येतात यालाही मर्यादा आहे. लिनक्सवर ती बहुधा १०२४ पासून सुरू होते, जावा ती शक्य तितकी वाढवून घेते, तरी लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा, फाइली उघडत राहणारा प्रोग्रॅम एक दिवस तिथे अडतोच.

फाइलसाठी २०११ च्या जावा ७ पासून मिळणारी ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ ही रचना वापरा. ट्रायच्या कंसात उघडलेली वस्तू मध्येच एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम थांबवणारी चूक, आले तरी बंद होते. हाताने शेवटी लिहिलेल्या क्लोजपर्यंत अशा वेळी प्रोग्रॅम पोहोचतच नाही. लिहिण्याच्या फाइलबाबत तर ही काळजी अधिकच घ्यावी. पासाची पावती बफर्ड रायटरने (मजकूर आधी बफरमध्ये साठवून मग फाइलमध्ये लिहिणाऱ्या जावाच्या साधनाने) फाइलमध्ये लिहा आणि मुद्दाम क्लोज करू नका : प्रोग्रॅम तक्रार न करता संपेल, फाइलही तयार झालेली दिसेल, पण उघडून पाहाल तर ती रिकामी असेल, कारण तुमच्या चार ओळी बफरमधून डिस्कवर कधी उतरल्याच नाहीत.