वाचकांचे प्रश्न : पाणी घालताच दुधाळ होणारे ऊझो

प्रश्न : मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक असून दांडिया बाजारात राहतो. या उन्हाळ्यात मुलीकडे जर्मनीला गेलो असता तिच्या ग्रीक शेजाऱ्यांनी ऊझो नावाचे पेय पुढे ठेवले. मी घेतले नाही, परंतु पाण्यासारख्या नितळ द्रवात त्यांनी थंड पाणी ओतताच तो दुधासारखा पांढरा झाला, हे पाहून कुतूहल वाटले. ही द्राक्षाची दारू आहे, असे जावयाचे म्हणणे; मला मात्र वास आपल्या वरियाळीचा, म्हणजे बडीशेपेचा, आला. ही कशी गाळतात, ती ग्रीसचीच का मानतात, आणि मुलीने बाटली फ्रीझरमध्ये ठेवल्यावर तिच्यात पांढऱ्या सुया दिसू लागल्या, त्या कशाच्या? बाटली टाकून द्यावी का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : दारूबंदीच्या राज्यातून दारूविषयी इतका नेमका प्रश्न यावा, याचे आधी कौतुक केले पाहिजे. आपल्या नाकाने आपल्याला फसवलेले नाही आणि जावयांचेही अगदीच चुकलेले नाही.

जावई म्हणतात ती द्राक्षाची दारू म्हणजे त्सिपुरो. द्राक्षाचा रस काढल्यावर उरलेला चोथा आंबवून ती गाळतात, आणि ग्रीसच्या थेसली प्रांतातल्या टिर्नाव्होस गावाकडे तिच्यातही शेपेसारखे बी घालण्याची रीत आहे. ऊझोचे मूळ याच घराण्यातले असले, तरी आजच्या ऊझोचा पाया म्हणजे धान्यासारख्या शेतमालापासून काढलेला, जवळजवळ ९६ टक्के तीव्रतेचा, स्वतःचा वास नसलेला शुद्ध मद्यार्क होय. त्या मद्यार्काला गाव नसते. गाव येते ते त्यात पडणाऱ्या बियांतून आणि भट्टीवरच्या तांब्याच्या भांड्यातून, आणि म्हणूनच ऊझो गाळणाऱ्याचे खरे कसब दारू तयार करण्यात नसून ती बियांसह पुन्हा गाळण्यात आहे.

मुख्य बी अनीसचे. आपल्याकडे त्याला विलायती शेप म्हणतात. बडीशेप, म्हणजे आपण बडोद्यात सर्रास जिला वरियाळी म्हणतो ती, आणि बाळंतशेप या दोन्ही त्याच कुळातल्या; मसाल्यातले बाद्यान (चक्रीफूल) मात्र अगदी वेगळ्या कुळातले असूनही वासाने त्यांच्या पंक्तीला बसते, कारण अनीस, वरियाळी आणि बाद्यान या तिघांतही अ‍ॅनेथोल हे एकच सुगंधी द्रव्य प्रमुख असते. ग्रीसच्या लेस्व्होस बेटावरच्या लिस्व्होरी गावाचे अनीस विशेष नावाजलेले आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक गाळणारा आपल्या मर्जीने वरियाळी, धने, वेलदोडा किंवा खिओस बेटावरचा मस्तिखा हा डिंक घालतो. हाच डिंक आपल्या वैद्य-हकिमांच्या दुकानात रुमी मस्तकी या नावाने मिळतो. अचूक प्रमाण मात्र सहसा घराबाहेर जात नाही.

बिया, मद्यार्क आणि पाणी तांब्याच्या पात्रात, ज्याला तिथे तुर्की वळणाने कझानी म्हणतात, भिजत ठेवून मंद आचेवर तापवतात. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हटले की उत्तम, असा समज आहे. ऊझो गाळणारा नेमका पहिल्या धारेवरच विश्वास ठेवत नाही. सुरुवातीला येणारा उग्र, झोंबणारा भाग, ज्याला ते ‘डोके’ म्हणतात, तो बाजूला काढला जातो आणि शेवटची जड ‘शेपटी’ही वेगळी ठेवतात; मधले ‘काळीज’ तेवढे घेतात. धार कोणत्या क्षणी फिरवायची, हे ठरवण्यात गाळणाऱ्याची हयात जाते. पुढे हा अर्क मद्यार्कात मिसळून पाण्याने सुमारे ४० टक्क्यांपर्यंत उतरवतात. युरोपीय नियमांप्रमाणे गाळताना सुगंधित झालेल्या मद्यार्काचा वाटा एकूण तीव्रतेच्या किमान २० टक्के असावा लागतो, पात्र १००० लिटरपेक्षा मोठे चालत नाही, आणि अंतिम तीव्रता ३७.५ टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाही. या २० टक्क्यांच्या सवलतीवर बरेच स्वस्त ऊझो निभावते. चोखंदळ ग्रीक माणूस बाटलीवर शंभर टक्के गाळलेले असे लिहिले आहे का, हे आधी पाहतो, आणि माझ्या मते ते योग्यच करतो.

ग्रीसचीच का, याचे कायदेशीर उत्तर छोटे आहे : युरोपीय समुदायाने १९८९ साली हे नाव ग्रीसपुरते राखून ठेवले आणि पुढे सायप्रसलाही त्यात घेतले. ऐतिहासिक उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. लेबनॉनचा अरक, तुर्कांची राकी आणि ऊझो ही एकाच उस्मानी साम्राज्यात वाढलेली भावंडे असून, अरक हा शब्द आपल्या घरातल्या ओव्याच्या ‘अर्का’चाच सख्खा आहे. टिर्नाव्होसमध्ये १८५६ पासून आणि लेस्व्होसच्या प्लोमारीत १८६० पासून ऊझो गाळणारी घराणी आपली परंपरा सांगतात. लेस्व्होस हे आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्यासमोरच असल्यामुळे बिया, तांबे आणि कारागीर यांची ये-जा सहज होती, आणि १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीत त्या किनाऱ्यावरून निर्वासित होऊन आलेल्या ग्रीकांबरोबर गाळण्याची विद्याही आली. नावाविषयी टिर्नाव्होसकर सांगतात की फ्रान्सच्या मार्सेय बंदराला जाणाऱ्या उंची रेशीमकोशांच्या पेट्यांवर ‘मार्सेयच्या वापरासाठी’ अशा अर्थाचे इटालियन शब्द असत आणि त्यातला ‘ऊझो’ उत्तम मालाला लागला; कथा गोड आहे, पण तुर्की ‘उझुम’ म्हणजे द्राक्ष, हाही एक दावा आहेच.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे रसायनशास्त्राकडे. अ‍ॅनेथोल मद्यार्कात विरघळते, पाण्यात नाही. पाणी वाढले की ते बाहेर पडते आणि त्याचे मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढे थेंब प्रकाश विखुरतात. आंघोळीच्या बादलीत डेटॉल पांढरे होते ते पाहून आपल्याला हे ओळखीचे वाटले असेल, परंतु डेटॉलात थेंब सांभाळायला साबण असतो. ऊझोत तसे काहीही नसते, कोणी ढवळतही नाही, तरी तो दुधाळपणा बराच वेळ टिकतो, आणि याच नवलामुळे विटाले आणि कॅट्झ या शास्त्रज्ञांनी २००३ साली या घटनेलाच ‘ऊझो परिणाम’ असे नाव दिले.

फ्रीझरमधल्या सुया याच अ‍ॅनेथोलच्या होत. शुद्ध अ‍ॅनेथोल साधारण २१ अंशांनाच गोठते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ते स्फटिक होऊन बसते. जाणकार म्हणूनच आधी पाणी घालतात आणि मग बर्फ; नितळ ऊझोवर बर्फ सरळ टाकला की वर पांढरी साय धरते. मुलीला बाटली बाहेर काढून ठेवायला सांगावे. खोलीच्या उबेत सुया आपोआप विरघळतील.