'पिच' या एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे काय?

तुमचा प्रश्न असा आहे की क्रिकेटचं पिच, गाण्यातलं पिच, स्टार्टअपवाले मारतात ते पिच हे सगळं एकच आहे का, आणि डिक्शनरीत त्याच शब्दाला डांबर पण म्हटलंय ते कुठून आलं. मी मशीन डिझाइनवाला, भाषेचा तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही, पण या शब्दाने मला पहिल्याच नोकरीत तोंडावर पाडलंय त्यामुळे जरा हक्काने लिहितो.

आधी डांबराचं मिटवून टाकू, कारण तो मुळात वेगळाच शब्द आहे. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, नातं शून्य. तो लॅटिनमधल्या 'पिक्स'वरून आला, अर्थ डांबर किंवा राळेसारखा काळा चिकट पदार्थ. 'पिच डार्क' म्हणजे काळाकुट्ट अंधार तो यातला, आणि क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये ज्या खनिजातून पोलोनियम आणि रेडियम शोधलं ते पिचब्लेंड पण यातलंच, काळं असतं म्हणून. या डांबरावरचा एक भन्नाट प्रयोग आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये गरम पिच नरसाळ्यात ओतलं, ते बसायला तीन वर्षं दिली, १९३० मध्ये खालचं तोंड कापलं आणि थेंब पडायची वाट बघत बसले. हातोडी मारली तर काचेसारखं फुटणारा पदार्थ, पण आहे द्रव. २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले होते. नऊ!

असो. दुसरा शब्द मध्ययुगीन इंग्रजीतला, मूळ अर्थ ठोकणं, रोवणं, आणि मग त्यावरूनच फेकणं. तंबू ठोकतात त्याला पण पिच करणंच म्हणतात. क्रिकेटचे स्टंप जिथे रोवतात ते पिच, दोन विकेटमधली २२ यार्डांची म्हणजे २०.१२ मीटरची पट्टी. बॉल जिथे टप्पा खातो त्याला पण 'पिच झाला' म्हणतात, म्हणून एलबीडब्ल्यूला 'पिच्ड आउटसाइड लेग' ऐकलं की समजायचं बॅट्समन वाचला. ब्रिटनमध्ये फुटबॉलचं अख्खं मैदानच पिच असतं. आणि बेसबॉलमधला पिचर काही रोवत नाही, तो फेकतो.

आता माझा किस्सा. नोकरीला लागून आठवडा झाला असेल, सिनियर म्हणाले जा एम१० चा (म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट घेऊन ये, पिच बघून आण. मी मान डोलावली आणि एम१० लिहिलेला पहिला दिसला तो उचलला, कारण व्यास तर सांगितलाय की, अजून काय बघायचं. लावायला गेलो तर एक-दीड फेरा छान गेला मग अडकला, मी पाना लावून दाबला आणि भोकातले आटे गेले. तेव्हा कळलं की एम१० मध्ये साधा बोल्ट १.५ मिलिमीटर पिचचा असतो पण बारीक आट्याचा १.२५ चा पण मिळतो. इथे पिच म्हणजे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर. सिनियर ओरडले नाहीत, नुसता आट्यांचं पिच मोजायचा पिच गेज हातात दिला, ते जास्त लागलं.

इंजिनिअरिंगमधले बहुतेक पिच मग याच पठडीतले निघतात, सारख्या गोष्टी ओळीने असल्या की एकीपासून दुसरीपर्यंतचं अंतर. सायकलची चेन अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, ब्रेडबोर्डची (इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडून बघायचा बोर्ड) भोकं २.५४ मिलिमीटर, एलईडी स्क्रीनवर पी१० लिहिलं असेल तर दोन पिक्सेलमध्ये १० मिलिमीटर. विमानातला सीट पिच पण तसाच, पुढच्या सीटवरच्या एका जागेपासून मागच्या सीटवरच्या त्याच जागेपर्यंत, त्यामुळे त्यात सीटची जाडी पण मोजली जाते, सगळी जागा पायांना मिळते असं समजू नका (उंच लोकांनी विशेष लक्ष द्यावं). पंख्याच्या किंवा प्रोपेलरच्या पात्यांचं पिच ऐकून गोंधळायला होतं पण स्क्रू डोळ्यासमोर आणा, प्रोपेलर हवेत स्क्रूसारखा एक फेरा फिरला तर जेवढा पुढे जाईल ते त्याचं पिच. छताचं पिच म्हणजे फक्त उतार.

गाण्यातलं पिच म्हणजे आवाजाची उंची, ध्वनी सेकंदाला किती कंपनं करतो त्यावर ठरते, ऑर्केस्ट्रा ज्या 'ए' स्वरावर वाद्यं लावतो तो ४४० हर्ट्झचा धरतात. यात एक गंमत मला फार आवडते. मराठीत क्रिकेटच्या पिचला खेळपट्टी आणि गाणारा ज्या पिचवर गातो त्याला पण पट्टीच. एकीकडे जमिनीची पट्टी, दुसरीकडे पेटीची, कोणी ठरवून केलेलं नाही, निव्वळ योगायोग.

राहिलं तुमचं स्टार्टअपवालं. ते बहुधा फेकण्यातलं, आपली कल्पना समोरच्याकडे टाकायची, त्याने झेलली तर झेलली (मराठीतलं 'फेकणं' पण आठवलं असेल तर तो दोष तुमचा). लिफ्ट वर पोचेपर्यंत संपेल एवढ्या छोट्या पिचला 'एलिव्हेटर पिच' म्हणतात. पण हाच शब्द विमानवाल्यासमोर काढलात तर तो वेगळंच समजेल, कारण विमानाचं नाक वर-खाली होणं याला पण पिच म्हणतात, आणि ते ज्या शेपटीतल्या हलत्या फळीने होतं तिचं नाव एलिव्हेटर.