दुचाकीवरून पडून, हेल्मेट असूनही, डोक्याला मार लागून दीड महिना झाला. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, तरी डोकं जड राहतं, गरगरतं, कॉम्प्युटरसमोर बसलं की मळमळतं. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. काय करावं?

पहिला परिच्छेद घरच्यांना वाचायला द्या. सीटी स्कॅनमध्ये दिसतो तो रक्तस्राव, सूज किंवा हाडाची चीर. कन्कशनमध्ये मेंदूला कवटीच्या आत हिसका बसतो आणि पेशींमधलं क्षारांचं नि ऊर्जेचं गणित काही काळ बिघडतं. ते या स्कॅनवर उमटत नाही. तुम्ही दुचाकीवरून पडलात आणि हेल्मेट होतं, म्हणजे काही व्हायलाच नको, असंही नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला हिसका पूर्ण थांबवू शकत नाही.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि डोकं मागून आपटलं. ना रक्त, ना टाका, शुद्धही गेली नाही. 'मुका मार आहे, होईल बरं' असं सगळे म्हणाले. बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत बरं वाटतंही, मला नाही वाटलं. फळ्यावर लिहून वर्गाकडे वळलो की जमीन सरकायची. मुलांच्या गोंगाटाने कानशिलं ठणकायची. वर्गसमीकरण सोडवता सोडवता मध्येच धागा तुटायचा, आणि दहावीची पोरं माझ्याकडे बघत बसायची.

गाडी रुळावर आली ती न्यूरोलॉजिस्ट मॅडमच्या एका प्रश्नाने. त्या म्हणाल्या, "डोकं दुखतं, गरगरतं असं मोघम नको. केव्हा होतं, काय करताना होतं, ते सांगा." तुम्हीही तेच करा. दिसायला हा एक आजार असला तरी आत तीन-चार वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा असतो.

अंथरुणात कूस बदलताना किंवा माळ्याकडे वर बघताना थोडा वेळ घर गरगर फिरत असेल, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे हलले असण्याची शक्यता मोठी. मार लागल्यावर असं होतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा यातले जाणकार फिजिओथेरपिस्ट तपासून डोकं ठरावीक क्रमाने वळवतात ('एप्ली' नावाची पद्धत), आणि बऱ्याच जणांना एक-दोन वेळेत आराम पडतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या मात्र मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. मेंदूला तोल पुन्हा शिकायचा असतो, त्यात त्या आड येतात.

तुमची मळमळ स्क्रीनसमोर येते, म्हणजे डोळेही तपासायला हवेत. जवळचं बघताना दोन्ही डोळे एकाच वेळी आत वळावे लागतात, आणि मारानंतर ते जुळवून घेणं बिघडू शकतं. नुसत्या चष्म्याच्या नंबराच्या तपासणीत हे सुटून जातं, म्हणून अपघाताचा उल्लेख करून मुद्दाम तपासायला सांगा. डी-मार्टच्या भरगच्च रॅकमधून चालताना अस्वस्थ वाटत असेल तर तेही सांगा.

माझी अर्धी डोकेदुखी निघाली मानेची. डोकं आपटतं तेव्हा मानही झटका खातेच, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. मानेच्या व्यायामांनी जेवढं उतरलं तेवढं गोळ्यांनी उतरलं नव्हतं. गोळ्यांचंही एक आहे: साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा मिश्र (एका गोळीत एकाहून जास्त औषधं असलेली) वेदनाशामक 10 किंवा जास्त दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. कॅलेंडरवर खुणा करून बघा.

आता विश्रांती. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास मिळतो. खेळाडूंच्या कन्कशनवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला परिषद झाली. तिच्या सल्ल्यात विश्रांती आहे ती पहिल्या 24 ते 48 तासांची, तीही सापेक्ष, म्हणजे पूर्ण पडून राहणं नव्हे. मग चालण्यासारखा हलका व्यायाम. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे डॉक्टर जॉन लेडी यांच्या 2019 च्या अभ्यासात असा व्यायाम करणारी किशोरवयीन मुलं साधारण 13 दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी 17 दिवसांत. ती मुलं ताज्या दुखापतीची होती, तुमचा दीड महिना उलटलाय, पण सूत्र तेच. त्रासाला दहापैकी गुण द्या. चालताना किंवा काम करताना तो दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात खाली आला, तर चालेल. त्याहून वाढला तर उद्या थोडं कमी करा, बंद करू नका.

ऑफिसच्या कामालाही हेच लावा. मी उत्तरपत्रिकांचे छोटे गठ्ठे केले आणि डोकं चढायच्या आधीच उठायचो. चढल्यावर उठून उपयोग नसतो. बरं वाटलं म्हणून एका दिवशी सगळं उरकायला जाल तर पुढचे दोन दिवस आडवे व्हाल. घरात गॉगल नि कानात बोळे घालून बसू नका, त्याने उजेड-आवाज आणखीच सहन होईनासे होतात. ढोल-ताशाच्या मिरवणुकीपासून मात्र खुशाल लांब राहा. त्या वर्षी गणपतीत मी बहिणीकडे गावी जाऊन राहिलो, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

चिडचिड, रडू येणं, झोप उडणं हेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. गरगरणं थांबेपर्यंत गाडी चालवू नका, क्रिकेट नकोच. किती दिवस लागतील, याची तारीख कोणी देणार नाही. माझं पायरी-पायरीने सुधारलं: आधी चक्कर गेली, मग डोकेदुखी, गोंगाट सगळ्यात शेवटी सोसायला लागला.

एक बघत राहा. दुखणं कमी होण्याऐवजी दिवसेंदिवस वाढत असेल, वारंवार उलट्या, फिट, बोलताना जीभ अडखळणं, हातापायात कमजोरी किंवा विचित्र गुंगी असेल, तर जुना नॉर्मल रिपोर्ट धरून बसू नका. कवटीच्या आत हळूहळू साठणारं रक्त कधी कधी काही आठवड्यांनी त्रास देतं, विशेषतः वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत. अशा वेळी अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.