शातो दिकेमची वाइन इतकी महाग का असते?

एका वेलीमागे जेमतेम एक ग्लास वाइन निघते, म्हणून. शातो दिकेम हा फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या सोतेर्नमधला द्राक्षमळा. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या प्रतवारीत गोड वाइनमधला सर्वोच्च दर्जा एकट्या त्यालाच मिळाला. शरदात सिरों नदीमुळे सकाळी धुकं दाटतं, दुपारी ऊन पडतं आणि द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते. तिचीच तर इथे वाट पाहतात! मणी तपकिरी पडतो, सुरकुततो, पाणी उडून साखर घट्ट होते. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत. त्यामुळे तोडणी करणारे त्याच ओळीतून पाच-सहा वेळा फिरतात, तयार तेवढेच काढतात. २०१२ मध्ये द्राक्षं मनासारखी उतरली नाहीत, तर त्या वर्षीची दिकेम काढलीच नाही. मला याचंच सर्वांत जास्त कौतुक वाटतं.