एक वाटी मैदा, रवा किंवा साखर म्हणजे किती ग्रॅम?

आपण विचारलेल्या प्रश्नाला एकच आकडा सांगता येत नाही, कारण वाटी जागा मोजते आणि काटा वजन मोजतो. शिवाय घरोघरच्या वाट्याही सारख्या नसतात. म्हणून आधी आपली वाटी मोजून घ्यावी. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम दिसतील, तितक्याच मिलिलिटरची ती वाटी. नागपूरच्या आमच्या घरातली स्टीलची वाटी अशी 180 मिलिलिटरची निघाली.

आता त्या आकड्याला साखरेसाठी 0.83, रव्यासाठी 0.7, मैद्यासाठी 0.5 आणि तेलासाठी 0.92 ने गुणावे. म्हणजे आमच्या वाटीत साखर सुमारे 150 ग्रॅम, रवा 125, तेल 165, पण मैदा जेमतेम 90 ग्रॅम बसतो.

खरी फसगत पिठातच होते. सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरून तळलेल्या वैदर्भीय वडीच्या, पारीसाठी मी डब्यात वाटी खुपसून मैद्याचे पीठ काढले, तेव्हा ते दबून 110 ग्रॅमपर्यंत भरले; तेच चाळून, चमच्याने अलगद भरून, सुरीच्या पाठीने सपाट केले तेव्हा 90 वर आले. हा फरक पारी कडक होण्यास पुरेसा असतो. पाश्चात्त्य पाककृतींतील कप मात्र बहुधा 240 मिलिलिटरचा असतो. त्यात साखर 200 ग्रॅम आणि मैदा सुमारे 120 ग्रॅम धरावा. केकसाठी तर पीठ काट्यावरच तोलावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.