बायराडाची दुसरी बाटली देऊन टाकू नका

तुम्ही लिहिलंय की लिस्बनहून आणलेल्या बायराडाच्या, म्हणजे पोर्तुगालमधल्या एका वाइन-प्रदेशाच्या, दोन रेड वाइनपैकी एक उघडली, तोंड आवळून आलं, आणि आता दुसरी कुणाला तरी देऊन टाकायचा विचार आहे. कृपया देऊ नका. बारा वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होते.

माझ्याकडेही दोनच होत्या. (दारूची सूट दोन लिटरची, पाऊण लिटरच्या तीन झाल्या की ती ओलांडते. नियम बदलतात, निघण्याआधी स्वतः तपासा.) पहिली मी परतल्याच्या आठवड्यातच उघडली. पुण्यातला मे महिना, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि पाहुण्यांना तांबड्या रश्श्याबरोबर दिली. कच्ची सुपारी चघळल्यासारखी सगळ्यांची तोंडं झाली. रेड इतकी गार केली की टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साल-बियांतून येणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा जास्त टोचतो, वर तिखटाने जीभ आधीच पोळलेली. दोष वाइनचा नव्हता, पण मी निकाल देऊन मोकळी झाले: हा प्रदेश आपल्यासाठी नाही. दुसरी बाटली माळ्यावर टाकली, उभी, तापणाऱ्या स्लॅबच्या खाली. दोन उन्हाळे ती तिथेच राहिली. काढली तेव्हा बूच वर सरकलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, आणि वास शिजवलेल्या मनुकांचा. दहा-पंधरा वर्षं सांभाळा, असं विकणाऱ्याने बजावून दिलेली बाटली होती ती. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तुरटपणा येतो तो बागा या द्राक्षातून. (गोव्याच्या बागाशी संबंध नाही.) मणी लहान, पिकायला उशीर. अटलांटिक जवळ असल्यामुळे ऐन काढणीत पाऊस गाठतो आणि घड सडतात. ती धास्ती काय असते हे नाशिकच्या बागायतदारांना सांगायला नको. म्हणून पूर्वी कच्ची असतानाच तोडत, शिवाय देठांसकट आंबवत. १९८०च्या दशकात तिथले वाइन बनवणारे लुईश पातो यांनी देठ काढायला सुरुवात केली, पुढे घडही विरळ केले, आणि वाइन बरीच मवाळ झाली. तरी बागाला वेळ द्यावाच लागतो.

माझं मत बदललं ते बायराडातल्याच मेअल्याडा गावात. कोइंब्राहून आवेरूकडे जाणाऱ्या साध्या गाडीने उतरले आणि जेवायला लैतांव मागवलं, म्हणजे भट्टीत भाजलेलं डुकराचं पिल्लू. कातडी पापडासारखी, आत चरबी, मसाल्यात लसूण आणि मिरी. (गोव्यात लग्नाकार्यात लैतांव खाल्लं असेल तर अंदाज येईल.) जुन्या बागाचा एक घोट त्या चरबीवर घेतला आणि तुरटपणा कुठल्या कुठे गेला. शेजारच्या टेबलांवर मात्र बहुतेक एस्पुमांत, म्हणजे तिथलीच फसफसणारी वाइन चालली होती. बायराडातल्या आनाडिया गावात ती १८९०पासून बनते. माझा आग्रह असा की नवख्याने बायराडाची सुरुवात एस्पुमांतनेच करावी, नाहीतर बिकाल द्राक्षाच्या पांढरीने. रेड नंतर. हे कुणाला पटणार नाही, चालेल. मी जाणकार नाही, खाऊन-पिऊन शिकलेली आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. २००३पासून तिथे काबर्ने, मेर्लोसारखी परकी द्राक्षंही चालतात, त्यामुळे लेबलवर नुसतं बायराडा असलं तर आत बागा असेलच असं नाही. तशा बाटल्या सोप्या लागतात, पण त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? बागा हा शब्द शोधा. हा प्रदेश मुळात दुकानांत मागे पडला तो पोर्टपायी, म्हणजे उत्तरेकडच्या दोरू खोऱ्यातल्या गोड, कडक वाइनपायी. १७५६मध्ये पोर्टसाठी दोरू खोऱ्याची हद्द आखली गेली, आणि पोर्टमध्ये भेसळ नको म्हणून पोर्तुगालचा तेव्हाचा बलाढ्य मंत्री, पोंबालचा मार्किस, याने बायराडाचे वेल उपटायला लावले. बायराडाला स्वतःची अधिकृत हद्द मिळाली थेट १९७९मध्ये. आता आपणही एका घोटावर त्याला निकालात काढायचं, हे मला बघवत नाही.

तर तुमची बाटली: आडवी ठेवा, घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात. माळा नको, ओट्याखालचं कपाट नको. पुण्या-मुंबईत खरं तर छोटा वाइन फ्रिजच हवा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ठेवायला द्या. उघडाल तेव्हा १६ ते १८ अंशांवर, दोन तास आधी जगमध्ये ओतून, आणि सोबत चरबीचं, कमी तिखट मटण. रस्सा त्या दिवशी करू नका.